भंडाऱ्याची लाख आणि चकाकीचे माप

वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या भंडारा जिल्ह्याचे नाव निघाले की वाचकांच्या मनात प्रथम धानाची बांधी येते, मग तलाव, आणि त्यानंतर कासारांच्या पेठेतील पितळेची भांडी; परंतु लाकडाला, लोखंडाला आणि भिंतीला जी तकाकी मनुष्य रंगरोगणाने आणतो, तिच्या सिद्धतेस लागणारी तीन प्रमुख द्रव्ये, म्हणजे जवस, मँगेनीज आणि लाख, या एकाच जिल्ह्याच्या भूमीत एकमेकांच्या शेजारी उत्पन्न होत आली आहेत, ही गोष्ट जिल्ह्यातील सुशिक्षितांच्याही फारशी ध्यानात नसते. रंगलेपाच्या चकाकीचे मोजमाप कसे सुरू झाले, याचा वृत्तांत आजवर ज्यांनी लिहिला त्यांनी तो विस्कॉन्सिन, रॉचेस्टर आणि वॉशिंग्टन येथील प्रयोगशाळांपासून आरंभिला, आणि त्यात चूक काहीच नाही, कारण यंत्रे तेथेच घडली. मात्र ज्या वस्तूच्या चकाकीचे माप घ्यावयाचे ती कोणत्या रानातून आणि कोणाच्या हातून आली, हे त्या वृत्तांतात कोठेच येत नाही. या दोन बाजू एकत्र मांडाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जवसापासून आरंभ करू. या जिल्ह्याचा मुख्य जीव धान, आणि धानाचा आधार तलाव; कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनी बांधलेले व पुढे मालगुजारांच्या नावे दप्तरात चढलेले हे तलाव आजही ‘मालगुजारी तलाव’ म्हणूनच ओळखले जातात. कापणीच्या आधी, बांधीत ओल आहे तोवर, उभ्या धानातच लाखोरी अथवा जवस फेकून पेरण्याची जी रीत येथे आहे तिला उतेरा म्हणतात. न नांगरता, न पाणी देता, केवळ धानाच्या उरल्या ओलीवर येणाऱ्या या पिकाची निळी फुले थंडीत बांध्याबांध्यांतून दिसत. खाण्यापुरते तेल घरात राहून उरलेले बी बाजारात जाई. १८८० नंतर नागपुराहून पूर्वेकडे लोहमार्ग निघाला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेच्या ताब्यात जाऊन रुंद झाला, आणि वरठीचे भंडारा रोड, देव्हाडीचे तुमसर रोड व गोंदिया या ठाण्यांवरून गळिताच्या धान्याला दूरच्या पेठांची वाट मोकळी झाली. युरोपातील व अमेरिकेतील रंगाचे कारखाने त्या काळी मुख्यत्वे जवसाच्या तेलावर चालत असत, हे लक्षात घेतले म्हणजे मध्य प्रांतातील जवसाला परदेशात मागणी का होती याचा उलगडा होतो.

जवसाच्या तेलाचा गुण असा की ते उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून घेऊन ते स्वतःच घट्ट होत जाते आणि त्याचा चिवट, पारदर्शक पडदा तयार होतो. कच्च्या तेलाला यासाठी कित्येक दिवस लागतात. तेच तेल शिसे अथवा मँगेनीज यांच्या क्षारांसह तापवले असता एका दिवसात सुकते, आणि अशा तेलाला आपले रंगारी बेलतेल म्हणतात. तुमसर तहसिलीतील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगेनीजच्या खाणी विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू आहेत. त्यांतील बहुतेक खनिज पोलादाच्या भट्ट्यांकडे गेले, रंगाच्या कामी लागणारे मँगेनीज प्रमाणाने अत्यल्प असते, हे खरे. तरीही जवसाच्या बांधीपासून मँगेनीजच्या खाणीपर्यंत जेथे बैलगाडीने जाता येते असा मुलूख सर्वत्र सापडत नाही. येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. सुकवणारे द्रव्य बेताबाहेर पडले तर लेपाचा वरचा थर आधी आवळतो, खालचे तेल ओलेच राहते, आणि पृष्ठभागावर सूक्ष्म सुरकुत्या पडून तकाकी मंदावते. चकाकी ही केवळ द्रव्यात नसून पृष्ठभागाच्या सपाटीत आहे, या पुढे येणाऱ्या सिद्धांताचे हे पहिले प्रत्यंतर होय.

आता लाखेकडे वळू, कारण या विषयाचा खरा गाभा तेथे आहे. पळस, बोर आणि कुसुम हे तिचे मुख्य आश्रयवृक्ष, आणि या जिल्ह्याच्या रानांत पळसाला तोटा नाही. लाखेच्या किड्यांनी भरलेल्या काड्यांचे बियाणे छाटलेल्या झाडाच्या नव्या फांद्यांना बांधतात; त्यांतून तांबूस, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिले बाहेर पडून कोवळ्या सालीवर ठिकठिकाणी बसतात, सोंड रुतवून रस शोषू लागतात, आणि आपल्या अंगाभोवती राळेसारखे कवच रचतात. मादी एकदा बसली की आयुष्यभर जागची हलत नाही. तिच्या शेजारणीचे कवच तिच्या कवचाला भिडते आणि सारी फांदी खडबडीत पुटांनी वेढली जाते. पळस-बोरीवरील लाखेला रंगीनी म्हणतात, तिची वैशाखी आणि कातकी अशी दोन पिके. कुसुमावरील लाख ती कुसुमी, तिची जेठवी आणि अघनी ही दोन. कुसुमी लाख रंगाने फिकी व म्हणून भावाने चढी. १९५१ साली तत्कालीन मध्य प्रदेश सरकारच्या कायद्याने जमीनदारी व मालगुजारी संपुष्टात येईपर्यंत येथील पूर्वेकडची विस्तीर्ण राने जमीनदारांच्या हक्कात होती, आणि रानाच्या उपजेचा व्यवहार ठेक्याने चाले. काडी तोडणाऱ्याच्या हाती मजुरी, ठेकेदाराच्या हाती माल, आणि भाव मात्र कलकत्त्यात ठरणारा, असा तो क्रम होता.

एके काळी या काडीतील राळेपेक्षा तिच्यातून निघणाऱ्या किरमिजी रंगालाच अधिक मोल होते. १८५६ मध्ये पर्किन याने पहिला कृत्रिम रंग काढला, पुढील दोन-तीन दशकांत रासायनिक रंगांनी बाजार काबीज केला, आणि लाखेचा रंग धुण्याच्या कुंडातील तांबड्या पाण्याबरोबर गटारात वाहू लागला. राहिली ती राळ. तिने मात्र तकाकीच्या बळावर जग जिंकले.

काडीपासून चपडा करण्याची जी देशी भट्टीची रीत मिर्झापुरापासून छोटानागपुरापर्यंत चालत असे, ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. काडीवरची लाख खरवडून दळायची, दगडी कुंडात पाणी घालून पायांनी तुडवायची, आणि तांबडे पाणी काढून टाकून उरलेले दाणे उन्हात वाळवायचे. ही दाणा लाख. मग पंचवीस-तीस फूट लांबीची, मनगटाएवढ्या जाडीची कापडी पिशवी या दाण्यांनी भरून लांबट भट्टीसमोर आडवी धरीत. एका टोकाशी, निखाऱ्यांच्या धगीत, मुख्य कारागीर बसे; दुसऱ्या टोकाला बसलेला पोरगा पिशवीला पीळ देत राही, आणि वितळलेली लाख कापडाच्या विणीतून पाझरून बाहेर येई, कचरा आत राही. ती खरवडून घेऊन गरम पाण्याने भरलेल्या तिरप्या नळकांड्यावर ताडाच्या पात्याने पसरीत. त्यानंतर जो गडी पुढे येई त्याचे काम सर्वांत अवघड: तो मऊ पत्रा सोडवून घेऊन, भट्टीसमोर उभा राहून, दोन्ही हातांनी, पायांच्या बोटांनी आणि दातांनी चहूबाजूंनी ताणीत असे, आणि पाहता पाहता त्या जाड पोळीची काचेसारखी पातळ, नारिंगी झाकेची चादर होई. या चादरीचे तुकडे म्हणजे चपडा. पुढे गोंदिया येथेही लाख शुद्ध करण्याचे कारखाने निघाले. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते गाव भंडारा जिल्ह्यातच मोडत होते.

हाच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने लाकडावर हातावर हात चढवले की फ्रेंच पॉलिश होते. याच चपड्यापासून ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या बनत, आणि १९०८ पासून कलकत्त्यातच त्या दाबण्याचा कारखाना चालू झाल्यामुळे आपल्या गायकांचे सूर लाखेच्याच पृष्ठभागावर कोरले गेले. सुताराने पॉलिश केलेल्या फळीची पारख कशी होई, हे ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक असेल. पॉलिशवाला फळीकडे वरून पाहत नाही. तो फळी खिडकीकडे करतो, मान वाकवून गाल जवळजवळ लाकडाला टेकवतो, आणि उजेड तिच्यावरून घसरत डोळ्यांत येईल असा पाहतो. सुटलेला पट्टा, बोळा चिकटल्याची खूण, लांबी नीट न घासल्याचा उंचवटा, सारे तेव्हा उघडे पडते. नंतर तो उभा राहतो आणि वरून पाहतो, आणि या वेळी त्याला खिडकीचे गज फळीत रेखीव दिसतात की नाही एवढेच पाहायचे असते. या दोन पाहण्यांतून दोन वेगवेगळ्या गोष्टी कळतात.

जोवर करणारा आणि घेणारा एकाच खिडकीपाशी उभे होते तोवर याहून अधिक काही लागत नव्हते. अंतर वाढले तेव्हा अडचण आली. लाखेत दुसरी राळ मिसळण्याचे आणि रंग खुलवण्यासाठी हरताळ घालण्याचे प्रकार व्यापारात होते, म्हणून दूरच्या खरीददाराने प्रथम रासायनिक कसोट्या बसवल्या. मग १९२० नंतरच्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे झटपट सुकणारे लेप मोटारगाड्यांवर आले, एका दिवसात शेकडो पत्रे रंगून निघू लागले, आणि आजचा पत्रा उद्याच्या पत्र्याशी जुळतो की नाही हे कोणाच्या डोळ्यावर सोपवणे अशक्य झाले. माझ्या मते चकाकीचे माप विज्ञानाच्या जिज्ञासेपेक्षा या व्यापारी दुराव्यातून जन्मले आहे. शास्त्र त्याच्या मदतीला धावले, इतकेच.

पहिले पाऊल कागदाच्या धंद्यासाठी पडले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील इंगरसॉल यांनी १९१४ मध्ये गुळगुळीत कागदाची डोळ्यांना होणारी तिरीप मोजणारे उपकरण सिद्ध केले. आरशाप्रमाणे परतणारा प्रकाश ध्रुवित असतो आणि कागदाच्या अंतरंगातून विखरून येणारा तसा नसतो, या भेदावर ते आधारलेले होते, आणि त्याचा कोन साडेसत्तावन्न अंशांचा होता. १९२२ मध्ये रॉचेस्टरच्या ईस्टमन कोडॅक कंपनीतील जोन्स यांनी छायाचित्राच्या कागदावरून निरनिराळ्या कोनांतून किती प्रकाश परततो याचे आलेख काढले. १९३० मध्ये फुंड यांनी जो विचार मांडला तो मला या सर्वांत मर्मग्राही वाटतो: दोन पृष्ठभाग आरशासारखा प्रकाश सारखाच परतवीत असले तरी त्यांतील काळा अधिक चकचकीत दिसतो, कारण भोवतालच्या काळोखावर तो प्रकाश उठून दिसतो; तेव्हा चकाकी ही केवळ परतलेल्या प्रकाशात नसून विरोधातही आहे, आणि एकाच रीतीने ती मोजणे पुरेसे नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स येथील रिचर्ड हंटर यांनी १९३७ मध्ये या विचाराला व्यवस्थित रूप दिले आणि चकाकीचे सहा प्रकार वेगळे केले. आरशासारखा परावर्त, अगदी निसटत्या कोनातून दिसणारी झाक, विरोधाने उठणारी चमक, प्रतिबिंबाभोवतीच्या धुक्याचा अभाव, प्रतिबिंबाची रेखीवता, आणि पृष्ठभागाच्या पोताचा अभाव, असे ते सहा प्रकार होत. आपल्या पॉलिशवाल्याचे वाकून पाहणे दुसऱ्या प्रकारात बसते, आणि खिडकीचे गज शोधणे पाचव्यात.

या सहांपैकी पहिलाच मोजायला सोपा, म्हणून मानक त्याचेच झाले. अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेने १९३९ मध्ये साठ अंशांच्या कोनाची पद्धत प्रसिद्ध केली. कोन पृष्ठभागावरच्या लंबापासून मोजायचा, एका बाजूने प्रकाशाची शलाका टाकायची आणि दुसऱ्या बाजूने तितक्याच कोनात परतणारा प्रकाश पकडायचा. काही वर्षांतच अनुभवास आले की अतिशय चकचकीत लेपांमधला भेद साठ अंशांत नीट उमटत नाही आणि मंद लेपांमधला तर मुळीच उमटत नाही. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत वीस आणि पंच्याऐंशी अंशांचे कोन जोडले गेले. वीस अंशांची पद्धत ड्यूपाँ कंपनीत विकसित झाली होती. तेव्हापासूनचा प्रघात असा: प्रथम साठ अंशांत माप घ्यावे, ते ७० च्या वर गेले तर वीस अंशांत, १० च्या खाली राहिले तर पंच्याऐंशी अंशांत पुन्हा घ्यावे.

हे तीन कोन का लागतात याचे उत्तर पृष्ठभागाच्या उंचसखलपणात आहे. लेपावरील सूक्ष्म उंचवट्यांवरून आणि खळग्यांतून परतणाऱ्या किरणांच्या वाटांत जो फरक पडतो तो कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात असतो. वीस अंशांत कोज्या ०.९४, साठ अंशांत ०.५ आणि पंच्याऐंशी अंशांत अवघी ०.०९. म्हणजे जो खरखरीतपणा वरून पाहताना प्रकाश विखरून टाकतो तोच निसटत्या कोनात जवळजवळ सपाट होऊन जातो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मातीचा सारवलेला ओटाही चमकतो, तो याच कारणाने.

शंभराचा अंक कोठून आला हेही पाहण्यासारखे आहे. १.५६७ वक्रीभवनांकाची, उत्तम घोटलेली काळी काच प्रमाण मानून तिला प्रत्येक कोनात १०० अंश दिले गेले. पण परावर्तनाविषयीच्या फ्रेनेलच्या समीकरणांनुसार ही काच साठ अंशांत पडलेल्या प्रकाशापैकी केवळ दहा टक्के परतवते. वीस अंशांत पाच टक्क्यांहून किंचित कमी, आणि पंच्याऐंशी अंशांत तब्बल ६२ टक्के. तीन कोनांतले तीन शंभर हे असे तीन निरनिराळे प्रकाश आहेत, आणि कोन न सांगता ‘चकाकी ८५’ असे म्हणणे हे गाव न सांगता गट क्रमांक सांगण्यासारखे आहे. लाखेचा वक्रीभवनांक सुमारे १.५२, तिचा पृष्ठभाग कितीही निर्दोष साधला तरी हिशेबाने साठ अंशांत ती सुमारे ९२ वर आणि वीस अंशांत सुमारे ८७ वर थांबणार. याच्या उलट कासाराने घोटलेले पितळ. धातू पडलेल्या प्रकाशाचा बहुतांश भाग परतवतो, त्यामुळे रंगलेपाच्या पट्टीवर त्याचे माप कित्येक शेकड्यांत जाते, आणि ती पट्टी त्याच्यासाठी नव्हेच असे मानावे लागते.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय मानक संस्था स्थापन झाली, १९८७ पासून तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली, आणि रंग व रोगण यांच्या परीक्षणासाठी आयएस १०१ या मानकात चकाकी मोजण्याचा विभाग आला. लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये स्वतंत्र संशोधन संस्था निघाली. पण ही माहिती काडी तोडणाऱ्यापर्यंत किंवा गावच्या सुतारापर्यंत उतरली नाही. दरम्यान तबकड्या प्लास्टिकच्या झाल्या, कृत्रिम राळेच्या लेपांनी फर्निचर व्यापले, उतेऱ्यातील जवस मागे पडले, आणि चपड्याचे उरलेसुरले गिऱ्हाईक औषधाच्या गोळ्यांना आणि फळांना तकाकी देणाऱ्या कारखान्यांत सापडू लागले. या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट मात्र बदलली नाही: मालाची प्रत ठरवणारे माप सदैव घेणाऱ्याच्या घरी राहिले, देणाऱ्याच्या हाती ते कधी आलेच नाही. भावाच्या वाटाघाटीत ज्याच्याजवळ माप नाही त्याने समोरच्याचा शब्द मान्य करावा, हा बाजाराचा शिरस्ता आहे, आणि भंडाऱ्याच्या रानाने तो शंभर वर्षांहून अधिक काळ सोसला आहे.

आज परिस्थिती निराळी होऊ शकते. तिन्ही कोनांत माप घेणारे ग्लॉसमीटर तळहातात मावण्याइतके लहान झाले आहे, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला ते न परवडण्याचे कारण नाही. भंडारा आणि गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी रंगीनी आणि कुसुमी लाखेचे, वैशाखी आणि कातकी पिकाचे, निरनिराळ्या तहसिलींतून आलेले नमुने घेऊन त्यांचे लेप काचेवर चढवावेत, वीस, साठ आणि पंच्याऐंशी अंशांत त्यांची चकाकी मोजावी, काही महिन्यांनी पुन्हा मोजावी, आणि ते कोष्टक मराठीत छापून लाख उत्पादकांच्या गावोगावच्या सहकारी संस्थांकडे आणि वनसमित्यांकडे पाठवावे. जुने पॉलिशवाले ज्या गावी अद्याप हयात आहेत तेथे त्यांना या कामात बोलावून घ्यावे, आणि यंत्राचा आकडा पाहण्यापूर्वी त्यांचे मत टिपून ठेवावे.